बशी उलटून बघा

स्तर ४ : वाचन आणि निरीक्षण
वेळ : दोन तासिका

वाचण्याआधी

घरातली एखादी स्टीलची वाटी, डबा किंवा तांब्या घ्या. जितका जुना तितका चांगला. तो सगळ्या बाजूंनी नीट बघा. कुठे अक्षरं कोरलेली दिसतात का? दिसली तर वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. नसतील तर चिनी मातीचा एखादा मग उलटा करा आणि त्याच्या बुडाशी काय छापलंय ते लिहा. मग पुढे वाचायला घ्या.

नवे शब्द

चिनी माती : कप, बश्या, बरण्या ज्या गुळगुळीत मातीच्या असतात ती
बूड : भांड्याचा खालचा भाग, ज्यावर ते टेकतं
काठ : बशीची किंवा वाटीची बाहेरची कड
झिलई : मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर
भट्टी : मातीची भांडी जिथे खूप उष्णतेत भाजतात ती जागा
कुंचला : रंगवायचा ब्रश
नक्षी : सजावटीसाठी काढलेली फुलं, पानं, रेषा
टवका : काठाचा उडालेला छोटा तुकडा
तडा : भांड्याला गेलेली लांब चीर
संग्राहक : एका प्रकारच्या वस्तू शोधून, जमवून, जपणारा माणूस

१. भांड्यावरचं नाव

महाराष्ट्रात लग्नात, मुंजीत, बारशाला भांडी द्यायची पद्धत आहे. भांडं घेतलं की दुकानातच विचारतात, "नाव घालायचं का?" मग एक माणूस छोटंसं मशीन घेऊन बसतो आणि टर्र आवाज करत नाव कोरतो. कोणाला दिलं, कोणी दिलं, कशासाठी आणि कधी, असं सगळं दोन ओळींत मावतं. "चि. सुनीलच्या मुंजीनिमित्त, मामाकडून, ५-५-१९८४" असं काहीतरी.

बहरीनमधल्या मराठी घरांत अशी भांडी भरपूर आहेत. कोणी आईकडून आणलेली, कोणी सासूबाईंनी बॅगेत कोंबलेली. तुम्ही रोज त्या वाटीत आमटी घेता, पण तिच्या अंगावर एक छोटी बातमी लिहिलेली आहे हे कदाचित तुमच्या लक्षात आलेलं नसेल.

मी ऑफिसमध्ये दिवसभर लॉग वाचतो. लॉग म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःच लिहून ठेवलेली नोंद : काय झालं, किती वाजता झालं, कुठून झालं. काही बिघडलं की आम्ही आधी अंदाज करत बसत नाही, लॉग उघडतो. जुन्या भांड्याचंही तसंच आहे. त्याची पाठ आणि बूड म्हणजे त्याचा लॉग.

आज आपण एका खास बशीची ओळख करून घेऊ. तिच्या पाठीवर कारखान्याचं नाव ठळक असतं. पण जिनं ती रंगवली, तिचं नाव बहुतेक वेळा नसतं. मग तिचा माग काढायचा कसा?

२. अर्विन गावच्या चित्रकार

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात डोंगरांच्या कुशीत अर्विन नावाचं छोटं गाव आहे. तिथे क्लिंचफील्ड रेल्वेचं मुख्य ठाणं होतं. रेल्वेला मालवाहतूक हवी होती, भोवतालच्या डोंगराळ भागात चिनी मातीला लागणारा कच्चा माल होता आणि गावात काम शोधणारे हात होते. त्यातून १९१७ च्या सुमाराला 'सदर्न पॉटरीज' हा कारखाना उभा राहिला.

सुरुवातीला तिथल्या बश्यांवर छापील चित्रं चिकटवायचे. फुलाचं चित्र कागदावर छापलेलं असायचं, ते बशीवर उतरवायचं आणि बशी भाजायची. अशी चित्रं सगळीकडेच मिळायची. १९३८ च्या सुमाराला कारखान्यानं वेगळी वाट धरली. चित्र छापायचं नाही, प्रत्येक बशी हातानं रंगवायची. या मालाला त्यांनी तिथल्या डोंगररांगेचं नाव दिलं, 'ब्लू रिज'.

हे काम करायला आसपासच्या गावांतल्या मुली आणि बाया आल्या. त्यांतल्या बहुतेकींनी चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. कारखान्यातच त्या कुंचला धरायला शिकल्या. समोर एक नमुना बशी ठेवलेली असायची. एकीनं देठ आणि पानं काढायची, दुसरीनं फुलं, आणखी कोणी काठाच्या रेषा. आपल्याकडे दिवाळीत करंज्या करताना एक जण लाटते, एक सारण भरते, एक मुरड घालते, अगदी तसं. रंगवून झालं की वर झिलई चढवायची आणि बशी भट्टीत जायची. रंग झिलईच्या खाली राहिल्यामुळे तो घासून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपान आणि युरोपातून अमेरिकेत येणारी भांडी थांबली आणि ब्लू रिजची मागणी खूप वाढली. भरभराटीच्या काळात या कारखान्यात एक हजाराहून जास्त लोक काम करत होते. हातानं रंगवलेली भांडी करणारा तो अमेरिकेतला सगळ्यात मोठा कारखाना मानला जायचा. हजारो वेगवेगळ्या नक्षी तिथे तयार झाल्या. युद्ध संपलं, परदेशी स्वस्त माल परत यायला लागला, घराघरांत न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या बश्या आल्या आणि हातानं रंगवणं परवडेनासं झालं. १९५७ मध्ये कारखाना बंद पडला.

काही मोठ्या बश्यांवर आणि थाळ्यांवर पक्षी, झोपड्या, डोंगर अशी पूर्ण चित्रं काढलेली असायची. त्यांवर मात्र चित्रकारांनी सह्या केल्या. लुईस ग्विन, नेल्सीन कॅल्हून, फ्रान्सिस कायकर ही नावं आज संग्राहकांना माहीत आहेत, कारण ती बशीवर आहेत. बाकी शेकडो जणींची नावं बशीवर नाहीत. त्यांचा उरलेला पुरावा एकच : कुंचल्याचा फटकारा.

थांबा आणि सांगा : रोजच्या जेवणाच्या बशीवर सही नाही आणि मोठ्या चित्राच्या थाळीवर सही आहे. असं का झालं असेल? तुमचा अंदाज दोन वाक्यांत लिहा.

३. ओळखायच्या पाच खुणा

बशी हातात आली की पुढचा क्रम धरा. घाई करू नका. दोन्ही हातांनी धरा आणि खाली मऊ कापड पसरा.

पहिली खूण : बुडावरचा शिक्का

ब्लू रिजच्या पुष्कळ बश्यांवर कारखान्याचं किंवा मालाचं नाव आणि 'हँड पेंटेड अंडरग्लेझ' अशी अक्षरं असतात, म्हणजे हातानं, झिलईखाली रंगवलेली. शिक्का रोमन लिपीत असतो, इथे मी तो देवनागरीत लिहिलाय. पण प्रत्येक बशीवर शिक्का असेलच असं नाही. सेटमधल्या काही बश्यांवर शिक्का मारलेलाच नसतो. काही दुकानांनी तर आपल्याच नावाचा शिक्का मारून घेतला. म्हणून नुसता शिक्का बघून थांबायचं नाही.

दुसरी खूण : देशाचं नाव

देशांची नावं बदलतात, पण भांड्यावरचं नाव बदलत नाही. त्यामुळे भांड्याचं वय कळायला मोठी मदत होते.

'ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं असेल तर ती बशी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ पर्यंतच्या काळातली. तेव्हा जपानवर अमेरिका आणि मित्रराष्ट्रांचा ताबा होता.
'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानची.
'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या नंतरची, आणि १९९२ संपल्यावर तो देश उरलाच नाही.
'मायक्रोवेव्ह सेफ' असेल तर विकणाऱ्यानं "शंभर वर्षं जुनी आहे" असं कितीही सांगितलं तरी हसून नमस्कार करा. शंभर वर्षांपूर्वी घरात मायक्रोवेव्ह कुठे होता?

आपल्याकडे म्हणतात, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं." ही म्हण जुन्या बाजारात जाताना खिशात ठेवा.

तिसरी खूण : आकार आणि काठ

शिक्का नसेल तेव्हा काठ बोलतो. ब्लू रिजच्या बश्यांचे ठरावीक आकार होते आणि प्रत्येकाला नाव होतं.

'पायक्रस्ट'चा काठ मुरडलेला असतो. करंजीची मुरड डोळ्यांसमोर आणा, लगेच कळेल.
'कँडलविक'च्या काठावर बारीक मणी असतात, मोत्यांची सर लावल्यासारखे.
'कलोनियल'च्या काठाला पन्हळी असतात.
'क्लिंचफील्ड'चा काठ रुंद आणि सपाट असतो. नाव कुठून आलं ते तुम्हाला आता सांगायला नको.
'स्कायलाइन'ला वेगळा काठच नाही, बशी मधून कडेपर्यंत एकसारखी वर जाते.

चौथी खूण : कुंचल्याचा फटकारा

ही सगळ्यात महत्त्वाची खूण. साधं भिंग घ्या, नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करा. छापील चित्रात बहुतेक वेळा रंगाचे बारीक, एकसारखे ठिपके दिसतात. हातानं रंगवलेल्या चित्रात ठिपके नसतात, तिथे रंगाचा ओघ दिसतो. कुंचला जिथे टेकला तिथे रंग दाट, जिथे उचलला तिथे फिका. ब्लू रिजमध्ये आधी रेषा काढून मग आत रंग भरत नसत. एका फटकाऱ्यात पाकळी, दुसऱ्या फटकाऱ्यात पान.

आता एकाच सेटमधल्या दोन बश्या शेजारी ठेवा. नक्षी एकच, तरी एका बशीवरचं पान थोडं जाड, दुसरीवरचं किंचित तिरकं. दोन्ही अगदी सारख्या असतील तर त्या छापील असणार. फरक दिसला तर समजा की ते कोणाच्या तरी हाताचं अक्षर आहे. एकाच वर्गातल्या तीस मुलांनी 'क' काढला तर तीस प्रकारचे 'क' दिसतात ना? तसंच.

पाचवी खूण : वापराच्या खुणा

जुन्या बशीच्या बुडाची कड घासलेली असते. वरच्या बाजूला सुरीचे बारीक ओरखडे असतात. झिलईत कधी केसाएवढ्या बारीक रेषांचं जाळं दिसतं. बशीवर तपकिरी डाग असले, पण बूड अगदी कोरं करकरीत असलं, तर जरा संशय घ्या. बशी खरोखर वापरली असेल तर ती रोज टेबलावर टेकणार आणि टेकली की घासणार.

एक लक्षात ठेवा : एका खुणेवरून निकाल देऊ नका. तीन खुणा एकच गोष्ट सांगायला लागल्या की मग बोला.

४. आपल्या बहरीनमध्ये

तुम्ही म्हणाल, टेनेसीची बशी बहरीनमध्ये कशी येईल? मिळेलच असं मी म्हणत नाही. पण या बेटावर बाहेरची भांडी येणं नवीन नाही. कलात अल बहरीनच्या किल्ल्याजवळ उत्खननात चिनी बनावटीच्या भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. चीनहून जहाजानं निघालेली वाटी शेकडो वर्षांपूर्वी इथे पोचली होती. किल्ल्याशेजारच्या संग्रहालयात जाल तेव्हा तिथल्या भांड्यांजवळ जरा जास्त वेळ थांबा.

१९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल सापडलं. बापको ही तेल कंपनी तेव्हा अमेरिकन मालकीची होती. तिच्या लोकांसाठी अवाली हे गाव वसवलं. त्याच्याही आधी, १९०३ मध्ये, अमेरिकन मिशनचं रुग्णालय मनामामध्ये सुरू झालं होतं. पुढे अमेरिकेच्या नौदलाचा तळही जुफेरला आला. म्हणजे अमेरिकन कुटुंबं इथे खूप वर्षांपासून राहत आली आहेत. कुटुंब आलं की सामान येतं आणि कुटुंब परत गेलं की सगळं सामान बरोबर जातंच असं नाही.

बहरीनमध्ये वाढलेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. बाबांची नोकरी बदलते, व्हिसा संपतो, कोणी भारतात परत जातं, कोणी कॅनडाला. विमानात ठरावीक किलोच नेता येतात. मग सोफा विकला जातो, पुस्तकं वाटली जातात आणि भांडी कोणाला तरी "तुम्ही वापरा हो" म्हणून दिली जातात. अशा फिरत आलेल्या वस्तूंपैकी काही ईसा टाउनच्या जुन्या बाजारात पोचतात. तिथे एखाद्या शनिवारी सकाळी मोठ्या माणसाबरोबर जा. सगळ्या बश्या एकावर एक रचलेल्या असतात. विक्रेत्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. "बघू का?" असं विचारा, मधली बशी ओढू नका, आणि बशी उलटून बघा. कदाचित जपानची निघेल, कदाचित इंग्लंडची, कदाचित चीनची. ओळखण्याची रीत सगळीकडे तीच.

आली गावातही जा. तिथले कुंभार आजही चाकावर मडकी करतात. तिथे तुम्हाला पाठीवरचा शिक्का कदाचित मिळणार नाही, पण करणारा माणूस समोर बसलेला असतो. त्याला नाव विचारता येतं. ही संधी सोडू नका.

एक नियम मात्र पक्का : किल्ला, जुन्या टेकड्या, उत्खननाच्या जागा इथे जमिनीवर पडलेला खापराचा तुकडा दिसला तरी उचलायचा नाही. तो देशाचा ठेवा आहे. शिवाय तो कुठे पडला होता हीच त्याची मुख्य माहिती असते. उचलला की ती गेली.

५. मुंबईची रंगीत माती

अशी हातानं रंगवलेली, संग्राहक शोधत असलेली भांडी आपल्याकडे झाली का? झाली, आणि तीही मुंबईत.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. आज तिला आपण जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणतो. १८७० च्या दशकात तिथे जॉर्ज विल्किन्स टेरी नावाच्या शिक्षकानं मातीच्या रंगीत भांड्यांचं काम वाढवलं. सिंध प्रांतातल्या झिलईच्या रंगीत फरशा आणि भांडी तेव्हा प्रसिद्ध होती. त्या परंपरेतले रंग आणि नक्षी मुंबईत आली. त्याच काळात, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती काढत होते. मग काय झालं असेल? अजिंठ्याच्या भिंतीवरच्या आकृती आणि वेलबुट्टी मुंबईच्या फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरली.

या भांड्यांपैकी काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. काहींच्या बुडाशी शाळेचं नाव आढळतं, काहींच्या बुडाशी टेरीच्या कारखान्याचं, 'वंडरलँड आर्ट पॉटरी'. टेरीचं नाव पुस्तकांत आहे. ज्यांनी चाक फिरवलं, ज्यांनी कुंचला धरला, त्या कारागिरांची आणि विद्यार्थ्यांची नावं मात्र क्वचितच भेटतात. अर्विनमध्ये झालं तेच इथेही झालं.

म्हणून भांड्यावर फुलं कुठली आहेत एवढ्यावर थांबू नका. ती काढली कशी आहेत, हेही बघा. ज्याचं नाव उरलं नाही, त्याचं काम तरी नीट बघणं आपल्या हातात आहे.

६. जमवायचं कसं, जपायचं कसं

संग्रह म्हणजे कपाट भरणं नाही. सुरुवातीला एकच धागा पकडा. फक्त पक्ष्यांच्या बश्या, फक्त निळी नक्षी, किंवा फक्त आपल्या नातेवाइकांकडून आलेली भांडी. धागा असला की "हे घेऊ का नको" हे ठरवणं सोपं जातं.

जुनं म्हणजे महाग असं नसतं. एखाद्या वस्तूची किंमत तीन गोष्टींवर अवलंबून असते : ती किती कमी मिळते, किती धड आहे आणि ती किती जणांना हवी आहे. टवका किंवा तडा असेल तर किंमत उतरते. बशीच्या काठावरून हळूच बोट फिरवा, डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला लागतो. बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारा. धड बशी खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द वाजते. माठ घेताना आजी असंच वाजवून बघते.

आता महत्त्वाची सूचना. जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं. शिसं शरीराला घातक आहे, लहान मुलांना तर फारच. आंबट पदार्थांनी ते अन्नात उतरतं. म्हणून अशा बशीत लोणचं, चिंचेची चटणी, लिंबू, दही, टोमॅटोचं सार ठेवू नका. खरं तर जेवायलाच वापरू नका. भिंतीवर लावा, कपाटात मांडा. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरमध्येही घालू नका. कोमट पाण्यात मऊ स्पंजनं धुवा आणि लगेच पुसा. एकावर एक ठेवताना मध्ये कापड घाला. भांड्याला भांडं लागलं की आवाज होतो, हे घरातल्या भांडणांबद्दल म्हणतात, पण चिनी मातीच्या बाबतीत आवाजाबरोबर टवकाही उडतो.

आणि भारतातून काही आणायचा विचार असेल तर हे माहीत असू द्या : शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्यानुसार बंदी आहे. पणजीची जुनी बरणी बॅगेत घालण्याआधी घरच्यांना तिचं वय विचारा. शंका असेल तर ती तिथेच राहू द्या आणि तिचा फोटो आणा.

७. नोंद कशी ठेवायची

संग्राहकाची खरी संपत्ती त्याची वही असते. प्रत्येक वस्तूसाठी एक पान ठेवा. हा एक नमुना बघा.

वस्तू : बशी, व्यास २४ सेंटिमीटर
मिळाली : आईच्या मैत्रिणीकडून, त्या भारतात परत गेल्या तेव्हा
पुढची बाजू : लाल फूल, तीन हिरवी पानं, काठावर तुटक हिरव्या रेषा
बूड : शिक्का नाही, कड घासलेली
भिंगातून : ठिपके नाहीत, पानाचं टोक फिकं
खात्रीनं सांगता येतं : हातानं रंगवलेली आहे, वापरलेली आहे
अंदाज : १९९० च्या आधीची असावी, कारण देणाऱ्या मावशींकडे ती लग्नापासून होती
अजून विचारायचं : मावशींना ती कोणी दिली?

शेवटची ओळ कधीही रिकामी सोडू नका. बूड सगळं सांगत नाही. उरलेलं माणसं सांगतात, आणि माणसांना वेळेवर विचारावं लागतं.

भाषेकडे लक्ष द्या : खात्री आणि अंदाज

वस्तू ओळखताना मराठी क्रियापद फार उपयोगी पडतं. तुम्हाला किती खात्री आहे ते एका शब्दात कळतं.

ही बशी जपानची आहे. (शिक्का समोर आहे.)
ही बशी जपानची असणार. (जवळजवळ खात्री आहे.)
ही बशी जपानची असावी. (खुणांवरून तसं वाटतं.)
ही बशी जपानची असेल. (नुसता अंदाज आहे.)
ही बशी जपानची असू शकते. (शक्य आहे, एवढंच.)

पुरावा नसताना 'आहे' म्हणणारा विक्रेता आणि पुरावा बघून 'असावी' म्हणणारा विद्यार्थी, यांतला विश्वास कोणावर ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

स्वाध्याय

अ. एका वाक्यात उत्तर द्या.
१. सदर्न पॉटरीजनं हातानं रंगवायला कधी सुरुवात केली?
२. रंग झिलईखाली असल्याचा फायदा काय?
३. करंजीसारखा काठ कोणत्या आकाराचा?
४. जुन्या बशीत लोणचं का ठेवू नये?
५. उत्खननाच्या जागेवरचा तुकडा का उचलू नये? दोन कारणं द्या.

आ. वय ओळखा. बुडावरची अक्षरं वाचून बशी कोणत्या काळातली ते सांगा. उत्तरात 'असणार' किंवा 'असावी' वापरा.
१. 'मेड इन वेस्ट जर्मनी'
२. 'मेड इन ऑक्युपाइड जपान'
३. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता

इ. योग्य शब्द भरा : टवका, झिलई, बूड, कुंचला, तडा
१. बशी पडली आणि काठाचा ______ उडाला.
२. ______ घासलेलं आहे, म्हणजे बशी वापरलेली असावी.
३. गरम चहा ओतला आणि कपाला ______ गेला.
४. तिनं ______ उचलला तिथे रंग फिका झाला.
५. रंगावर ______ चढवून बशी भट्टीत ठेवली.

ई. अर्थ शोधा आणि वाक्यात उपयोग करा.
१. भांडं फुटणं (घरच्यांना विचारा, याचा अर्थ नुसतं भांडं मोडणं असा नाही!)
२. भांड्याला भांडं लागणं

उ. चर्चा करा. टेरीचं नाव उरलं आणि कारागिरांची नावं हरवली. आज एखादं ॲप किंवा सिनेमा तयार होतो तेव्हा कोणाकोणाची नावं दिसतात, कोणाची दिसत नाहीत? वर्गात पाच मिनिटं बोला.

उपक्रम

या आठवड्यात आजी, आजोबा किंवा गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल करा. त्यांना घरातलं सगळ्यात जुनं भांडं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. मग म्हणा, "आता जरा उलटं करा ना." त्यावर नाव असेल तर वाचून घ्या. नसेल तर ते कुठून आलं, कोण वापरायचं, त्यात काय ठेवायचे, हे विचारा. सातव्या भागातल्या नमुन्याप्रमाणे एक पान लिहा आणि पुढच्या तासिकेला वही घेऊन या. ज्यांच्या पानावर 'अजून विचारायचं' ही ओळ सगळ्यात लांब असेल, त्यांनी आधी वाचून दाखवायचं.